संग्रहालयात वेळ वाया घालवण्याचे मार्ग

मराठी माणूस आयुष्यात तीनदा म्युझियम बघतो. पहिल्यांदा शाळेच्या सहलीत, दोन-दोनच्या रांगेत, पुढच्याच्या दप्तराकडे बघत. दुसऱ्यांदा लग्नानंतर, अमरावतीकडचे पाहुणे मुंबईला आलेले असतात आणि राणीच्या बागेतले पेंग्विन बघून झाल्यावरही त्यांच्या गाडीला चार तास उरलेले असतात. तिसऱ्यांदा नातवंडांना घेऊन, आणि त्या वेळी तो वस्तू बघत नाही, बाक कुठे आहे ते बघतो. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधे, नेमक्या १६ ते २२ या वयात, मोठं भगदाड आहे. या काळात माणूस कॉलेजात असतो, आणि कॉलेजातला माणूस म्युझियम सोडून सगळीकडे सापडतो. कट्ट्यावर, टपरीवर, मरीन ड्राइव्हवर, झेरॉक्सच्या दुकानात, क्वचित वर्गातही.

याचं नवल अशासाठी की चित्र किंवा मूर्ती बघायला लागतं काय? पैसे फारसे लागत नाहीत. ज्ञान असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. लागतो तो रिकामा वेळ, आणि तोही उधळायची तयारी असलेला. असा वेळ नोकरदाराकडे नसतो, संसारी बाईकडे नसतो, आणि निवृत्त माणसाकडे तर मुळीच नसतो. त्याला पासबुक भरून आणायचं असतं. अख्ख्या समाजात हा वेळ एकाच वर्गाकडे पोत्यांनी पडून आहे आणि तो वर्ग तो रील्सना फुकट देतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मुलांना घेऊन संग्रहालयं हिंडताना मी वस्तू कमी आणि मुलं जास्त बघितली. ती तिथे वेळ कशी घालवतात याचे काही मार्ग माझ्या ध्यानात आले. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाहीत, त्यामुळे कामाचे असण्याची शक्यता आहे.

अपवाद पहिल्या मार्गाचा. तो सरकारमान्य आहे. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून कॉलेजात हलेल त्या वस्तूला श्रेयांक चिकटले आहेत. भारतीय ज्ञानप्रणालीला श्रेयांक, क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक. त्यामुळे वर्षातून कधीतरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते की येत्या शनिवारी क्षेत्रभेट आहे, ओळखपत्र आणावे, उपस्थिती अनिवार्य. त्याखाली मिनिटभरात पहिला प्रश्न येतो, "सर, अटेंडन्स आत जाताना घेणार की बाहेर येताना?" हा प्रश्न विचारणारा मुलगा पुढे प्रशासकीय सेवेत चमकतो.

श्रेयांकवाले ओळखायला सोपे. ते वस्तूपुढे उभे राहत नाहीत, वस्तूच्या पाटीपुढे उभे राहतात. पाटीचा फोटो काढतात, अक्षरं नीट आली का ते मोठं करून बघतात आणि पुढच्या पाटीकडे सरकतात. दहाव्या शतकातली एखादी देवी एका पायावर भार टाकून हजार वर्षं उभी असते. ही मुलं तिच्या पायाशी अदबीने वाकतात. भक्ती वगैरे काही नाही, पाटी खाली लावलेली असते. मग अहवालात वाक्य येतं, 'सदर मूर्ती अत्यंत सुंदर असून ती पाषाणाची आहे.' एका अहवालात मूर्तीच्या वैशिष्ट्यांमध्ये पाचव्या क्रमांकावर 'मूर्तीस स्पर्श करू नये' असं होतं. पाटीवर होतं, उतरलं. चौघांच्या गटाने तो अहवाल केला होता आणि चौघांच्याही सह्या होत्या.

पण या मार्गाला सरसकट नावं ठेवता येत नाहीत, कारण आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला क्षेत्रप्रकल्प याच मुलांच्या वयाच्या पोरांनी केलेला आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. काम एकच, लेण्यांतली भित्तिचित्रं उतरवून घ्यायची. मधली काही वर्षं सोडली तर दर हिवाळ्यात ही फौज अजिंठ्याला जायची आणि अंधाऱ्या लेण्यांत उभी राहून बोधिसत्त्वाच्या भुवईचा बाक कापडावर आणायची. हे १८८५ पर्यंत चाललं. माझ्याकडे तेराव्या दिवशी विचारणा होते की डेडलाइन पुढे जाईल का; तिथे प्रकल्पच तेरा वर्षं पुढे गेला. तयार झालेल्या प्रती लंडनला रवाना झाल्या आणि १८८५ मध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळून गेल्या. 'सर, प्रोजेक्ट जळालं' ही सबब जगाच्या इतिहासात एकदा तरी खरी होती. तरीही वाचलेल्या प्रतींच्या आणि टिपणांच्या बळावर ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. त्या पोरांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले चित्रकार झाले. तेरा वर्षं एका भिंतीकडे बघितल्यावर माणसाचं काहीतरी होणारच.

दुसरा मार्ग फोटोचा. वस्तूकडे पाठ करून वस्तू बघण्याची कला आमच्या पिढीला साधली नव्हती, या पिढीला ती जन्मजात येते. मोबाइल वर धरायचा, आपला चेहरा अर्ध्या चौकटीत, उरलेल्या अर्ध्यात अवलोकितेश्वर, आणि खाली 'मूड' असं लिहायचं. मी पूर्वी यावर चिडायचो. हल्ली चिडत नाही, कारण या मार्गाला एक आडवाट फुटते आणि ती थेट शिल्पकलेत जाऊन पोचते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, शिल्पांच्या दालनात, आमच्या एका वाणिज्य शाखेच्या मुलाला रील सुचली. मूर्ती उभी आहे तसंच तिच्या शेजारी उभं राहायचं आणि मित्राने ते टिपायचं. मूर्ती त्रिभंगात, म्हणजे शरीर तीन जागी वळवून उभी होती. पठ्ठ्या उभा राहिला. मित्र म्हणाला, "भाई, तू असा नको उभा राहू, तू मूळव्याधीच्या जाहिरातीतला वाटतोयस." वर्गातली एक मुलगी भरतनाट्यम शिकणारी. तिला राहवेना. "कंबर उजवीकडे काढ. आता खांदे उलट्या बाजूला. मान परत कंबरेकडे. अरे, पाठ नको वाकवू, भार उजव्या पायावर टाक!" भार उजव्या पायावर गेला, डावा गुडघा सैल झाला, कंबर निघाली, खांदे फिरले आणि क्षणभर तो कॉमर्सचा विद्यार्थी राहिला नाही. मग पोटरीत गोळा आला. खाली बसून पाय चोळता चोळता त्याने मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाला, "ही बाई उभी कशी राहिली असेल?"

भारतीय शिल्पशास्त्रातला हा कळीचा प्रश्न आहे. त्यानंतर सगळा घोळका मूर्तीच्या गुडघ्याभोवती जमला. दगडात गुडघ्याची वाटी दाखवलेलीच नाही, मांडी आणि पोटरी एकाच ओघात उतरली आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. हाडं नाहीत, स्नायू नाहीत, तरी भार कुठल्या पायावर आहे ते दिसतंय, ते कसं? वाद झाला. दोघातिघांनी आळीपाळीने उभं राहून बघितलं. पहारेकरी काका आधी सावध झाले, मग तेही खुर्चीवरून उठून बघायला आले आणि म्हणाले, "डावीकडची मूर्ती बघा, तिचा दुसऱ्या पायावर आहे." रोज आठ तास त्या बायांच्या सहवासात काढणारा हा एकटाच माणूस, पण काकांना तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. पाटीवर पायांचा उल्लेख नव्हता. त्या दिवशीच्या अहवालात मात्र एक पान पायांवर आलं, आणि शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांसकट ते मी जपून ठेवलं आहे.

तिसरा मार्ग विसाव्याचा. दुपारी एकला कॉलेज सुटतं, क्लास चारला असतो, घर डोंबिवलीला असतं. अशा मुलामुलींना मोठ्या दगडी इमारतीतला गारवा स्वस्तात पडतो. ती येतात, बाक शोधतात, बॅग मांडीवर घेतात आणि पेंगतात. काही संस्कृतिरक्षक प्रौढांना हे खटकतं. त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्याच इमारतीचा इतिहास वाचावा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांनी १९०५ मध्ये तिचा पाया घातला. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर तिला घुमट दिला. १९१४ मध्ये इमारत उभी राहिली, तोच महायुद्ध आलं आणि म्युझियमऐवजी तिचं लष्करी इस्पितळ झालं. लोकांसाठी ती म्युझियम म्हणून उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. थोडक्यात, या वास्तूत माणसं आधी आडवी झाली आणि चित्रं नंतर उभी राहिली. बाकावर डुलकी काढणारा विद्यार्थी तिथली जुनी परंपराच चालवतो आहे.

आणि डुलकीतून जाग आल्यावर होतं काय, तर डोळ्यांसमोर एक चित्र असतं. ते त्याने निवडलेलं नसतं, बाकाने निवडलेलं असतं. मोबाइलची बॅटरी संपलेली असते. क्लासला अजून तास असतो. मग माणूस नाइलाजाने चित्र बघतो. मांजर कोपऱ्यात का बसलंय, राजाच्या मागे उभा असलेला सेवक पंख्याकडे न बघता तिसरीकडेच का बघतोय, गच्चीवरच्या बाईचं लक्ष ढगाकडे आहे की शेजारच्या गच्चीकडे, हे सगळं नाइलाजातच दिसतं. एरवी आपण किती वेळ बघतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये संशोधकांनी घड्याळ लावून मोजलं आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापला. एका कलाकृतीला माणूस सरासरी सुमारे २७ सेकंद देतो, आणि निम्मे लोक १७ सेकंदांतच आटोपतात. पाटी वाचण्याचा वेळ त्यातच आला. आम्ही वडापाव घेताना चटणी कुठली, यावर याहून जास्त विचार करतो.

याच्या उलट, हार्वर्डमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रापुढे तीन तास बसायला लावतात. तीन तास! मुलं आधी कुरकुरतात, हे त्या स्वतःच सांगतात. एका मुलाचं आणि त्याच्या पाळीव खारीचं, कॉप्ली या चित्रकाराने काढलेलं चित्र आहे. त्यापुढे त्या स्वतः बसल्या, तेव्हा मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांच्या झालरीचा आकार अगदी एक आहे, हे दिसायला त्यांना नऊ मिनिटं लागली. प्राध्यापकांना नऊ मिनिटं लागतात, तिथे आपण १७ सेकंदांत बाहेर पडून 'काही खास नव्हतं' म्हणतो. मी हा तीन तासांचा प्रयोग आमच्या वर्गापुढे मांडला. मागच्या बाकावरून विचारणा झाली, "सर, मधे ब्रेक?" माझा सल्ला त्यामुळे सौम्य आहे. आत शिरल्यावर आधी चांगला बाक शोधा, चित्र त्यानंतर.

चौथा मार्ग जोडप्यांचा. याबद्दल मराठीत उघडपणे लिहिलं गेलेलं नाही, पण म्युझियमच्या जनसंपर्कात प्रेमिकांचा वाटा मोठा आहे. बागेत पोलिस हटकतात, कॅफेत कॉफीचे अडीचशे रुपये पडतात, सिनेमात बोलता येत नाही. म्युझियममध्ये हळू आवाजात बोलणं हा नियमच आहे. शिवाय दोघांना शेजारी शेजारी उभं राहून तिसऱ्याच वस्तूकडे बघता येतं, आणि नव्या प्रेमात याची फार गरज असते. अशी जोडपी एकेका काचेपुढे दहा-दहा मिनिटं थांबतात. त्या न्यूयॉर्कच्या संशोधकांनी फक्त जोडपी मोजली असती, तर सरासरी कुठल्या कुठे गेली असती.

पुण्यात या कामाला राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी जागा नाही. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांच्या धंद्यातले गृहस्थ, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. लोकांना चष्मे देऊनही त्यांना दिसत नाही हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे त्यांनी लोकांच्या अडगळीतून वस्तू गोळा करायला घेतल्या. दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, वाद्यं, कोरीव दारं. वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या. बालपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं शासनाच्या हवाली केलं. तिथे राजांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त, म्हणून पोरांना तिथे बिचकायला होत नाही. 'हे आमच्या आजीकडे होतं' हे वाक्य त्या इमारतीत दिवसभर ऐकू येतं, आणि पाठोपाठ, 'मग विकलं का रे, येड्यांनो!'

अडकित्त्यांच्या काचेपुढे मी एक जोडी बघितली. घरात सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. पण कारागिराला ते पुरलेलं नाही. कुठे त्याने घोडेस्वार केला आहे, कुठे पोपट, कुठे एका मुठीवर पुरुष आणि दुसरीवर स्त्री. अडकित्ता उघडला की दोघं लांब जातात, मिटला की जवळ येतात. मुलगा म्हणाला, "म्हणजे बघ, जवळ यायचं तर मधे कुणाची तरी सुपारी फुटणार." मुलगी म्हणाली, "आपल्या केसमध्ये तुझ्या बाबांची." पुढची काच वज्रीची. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची ती वज्री; खालून खरखरीत आणि वर मोर, हत्ती, पक्षी. मुलगी बराच वेळ बघत राहिली. "टाच घासायला मोर?" "मग काय, आमच्या होस्टेलला मगचा कान पण तुटकाय." यावर दोघांत चर्चा सुरू झाली की वस्तू सुंदर असायला ती महाग असावी लागते का, रोज हातात येणाऱ्या वस्तूवर कुणी एवढी मेहनत का घ्यावी, आणि लग्नानंतर बाथरूममध्ये काय काय ठेवायचं. कलेच्या उपयुक्ततेवर मी ऐकलेल्या चर्चासत्रांत हे बरंच वरचं. त्यात अध्यक्षीय समारोपही नव्हता.

पाचवा मार्ग पावसाचा. जुलैत मुंबईच्या काळा घोडा भागात सर आली की तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीत रसिकांची एकदम झुंबड उडते. १९५२ पासून ही गॅलरी तिथे आहे, तिकीट नाही, आणि छत भक्कम आहे. छत्री झटकत आत आलेल्या मुलांना कल्पना नसते की इथे एक गोष्ट मिळते जी मोठ्या म्युझियममध्ये मिळत नाही. इथे चित्रकार जिवंत असतो! आणि बहुधा तिथेच कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असतो. त्याने आठवड्याभरासाठी दालन घेतलेलं असतं, फ्रेमांचं बिल डोक्यावर असतं, उद्घाटनाला आलेले नातेवाईक पेढे खाऊन गेलेले असतात. आता मंगळवारची दुपार आहे आणि कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून तो आसुसलेला आहे. मुलं मात्र त्याला पहारेकरी समजून बाथरूम कुठे ते विचारतात.

आमच्या वर्गातल्या एकीने मात्र एकदा धीर केला. समोर करड्या-हिरव्या रंगांचं भलंमोठं अमूर्त चित्र होतं. तिने विचारलं, "काका, हे काय आहे?" चित्रकारांनी शाळेत शिकवल्यासारखं उलट विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "खरं सांगू? भिंतीला ओल आल्यासारखं वाटतंय." मी जीभ चावली. पण चित्रकारांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बस. कुठे राहतेस तू?" ती परळच्या चाळीतली निघाली, ते गिरगावातल्या चाळीतले. मग पाऊणतास दोघं ओल या विषयावर बोलत होते. भिंतीवर ती आधी कुठून शिरते, पोपडा सुटायच्या आधी रंग कसा बदलतो, चुन्याच्या भिंतीवरची ओल आणि डिस्टेंपरवरची ओल यांत फरक काय. निघताना ती मला म्हणाली, "सर, ॲबस्ट्रॅक्ट सोपं असतं." असेलही. निदान ज्यांच्या घरात गळतं त्यांना.

सहावा मार्ग माग काढण्याचा, आणि तो चहाटळ पण चिकाटीच्या पोरांसाठी आहे. 'काळ्या घोड्यापाशी भेटू' असं सगळे म्हणतात. पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो घोडा तिथे नाही. युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला. २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा आला, पण त्यावर स्वार नाही. लोकशाहीत ती जागा रिकामी ठेवणंच बरं. मग मूळ घोडा गेला कुठे? भायखळ्याला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, राणीच्या बागेच्या आवारात. १८७२ मध्ये उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम. तिथे आणखी एक मातब्बर उभा आहे, घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलेफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि कालांतराने जोडून उभे केले गेले. आमच्या एका मुलाचा यावरचा अभिप्राय असा, "सर, व्हिसा रिजेक्ट झाला म्हणून वाचला." असा एकेका वस्तूचा माग काढायला लागलं की सीएसएमटी ते भायखळा या चार स्टेशनांत अख्खा शतकभराचा इतिहास, बदली झालेले राजे आणि अडवलेले हत्ती भेटतात. तिकीट दहा रुपयांच्या आत.

ज्यांना कुठलाच मार्ग जमत नाही, ज्यांचं नाव हजेरीच्या काळ्या यादीत पहिल्या पाचांत आहे, त्यांच्यासाठी चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आहेत. गोव्याच्या साळगावचा हा मुलगा मुंबईत शिकायला आला. शौचालयाच्या भिंतीवर अश्लील चित्रं काढल्याच्या आरोपावरून शाळेने त्याला काढलं. तिथून जे. जे.त गेला. छोडो भारत चळवळीतल्या सहभागामुळे १९४५ मध्ये तिथूनही काढलं. दोन वर्षांनी त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, ज्यात रझा होते, हुसेन होते, आरा होते. आज सूझांची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत, आणि त्याखाली आमची ७५ टक्के हजेरीवाली मुलं पाटी उतरवून घेतात. यावरून कुणी हजेरीबद्दल निष्कर्ष काढू नये, असं मी प्राचार्यांच्या माहितीसाठी इथे नमूद करतो. बाथरूमच्या भिंतींबद्दल तर नाहीच नाही.

परदेशात या सगळ्यावर काय तोड काढली आहे तेही सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचं कॉलेज आहे. तिथल्या कॉलेजच्याच म्युझियमने १९४० पासून अशी रीत पाडली की मुलांनी अस्सल चित्रं भाड्याने न्यायची आणि सत्रभर आपल्या खोलीत टांगायची. पिकासोपासून वॉरहॉलपर्यंतचा माल. भाडं वर्षानुवर्षं सत्राला पाच डॉलर. चांगलं चित्र मिळावं म्हणून मुलं आदल्या रात्री म्युझियमच्या आवारात तंबू ठोकून झोपतात. आपल्याकडे आवारात झोपायला मुलं तयार आहेतच, अडचण चित्रांची आणि अर्जाची. अर्ज तीन प्रतींत, त्यावर वसतिगृह अधीक्षकांची शिफारस, पालकांचं हमीपत्र. एवढं करून चित्र खोलीत आलंच तर तीन दिवसांत त्याच्या खिळ्याला बनियन वाळत पडेल आणि आठव्या दिवशी कुणीतरी कोपऱ्यात 'जय महाराष्ट्र' लिहील. तरीही माझं मन सांगतं की सत्राच्या शेवटी ते चित्र परत करताना, ज्याच्या पलंगासमोर ते चार महिने होतं तो मुलगा काकुळतीला येईल. रोज सकाळी दात घासताना बघितलेलं चित्र आणि सहलीत १७ सेकंद बघितलेलं चित्र यांत सोयरिकीचा फरक आहे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. बहुतेक संग्रहालयांत ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्याला तिकिटात सवलत मिळते. मुलांना वाटतं, आपल्याकडे पैसे कमी म्हणून. खिडकीतल्या माणसालाही तसंच वाटतं. माझ्या हिशेबाने तिकिटाची उरलेली रक्कम विद्यार्थ्याने वेळेत भरायची असते. पुढे नोकरी लागेल. पूर्ण तिकीट सहज परवडेल, गाडी पार्किंगला लावून याल, वस्तूला २७ सेकंद या दराने अख्खी इमारत तासाभरात उरकाल आणि दुकानातून फ्रिजला लावायचं चुंबक घेऊन घरी जाल. ओळखपत्राची मुदत संपायच्या आत गेलेलं बरं. लेक्चर बुडवून गेलात तरी चालेल. माझं बुडवलंत तर परत आल्यावर काय बघितलं ते सांगा, मी हजेरी लावतो. फक्त मोबाइलमधून पाटी वाचून दाखवू नका.